जिलबीचं स्थळ

विमल कोलत्यांच्या डोक्यात सध्या एकच भुंगा होता: जिलबीला पिल्लं व्हायला हवीत. जिलबी म्हणजे त्यांच्या लेकीची, ऋतुजाची, पाळलेली हॅमस्टर. ऋतुजा सासर कायमचं सोडून साकेत नगरच्या घरी परतली, इस्पितळात नोकरीला लागली आणि एका संध्याकाळी हे उंदरासारखं मूठभर जनावर घेऊन आली. घरात काहीतरी लहानगं वळवळावं, या ओढीनं विमलताईंना अन्न गोड लागेना.

"आधी सगळं नीट शिकून घे, मग बघू," ऋतुजा म्हणाली.

झालं! विमलताईंनी जनावरांच्या डॉक्टरांना असं पिडलं, की त्या दारात दिसल्या की ते नुसता चष्मा पुसत बसत. पण कळलं ते धडकी भरवणारंच. मादीच्या पिंजऱ्यात नर उगाच सोडला, तर ती त्याला रक्तबंबाळ करते. बाळंतीण बिथरली, तर स्वतःचीच पिल्लं खाते. पिल्लं जरा मोठी झाली, की नर-माद्या वेगळ्या करायच्या, मग प्रत्येकाला आपापला पिंजरा, आणि प्रत्येकाचं घर आधीच ठरलेलं हवं. त्यातून पहिलं बाळंतपण लांबलं, तर मादीच्या जिवावर बेततं. जिलबीचं वय तर उलटत चाललं होतं! हे ऐकल्यापासून विमलताईंचा पाय घरात ठरेना.

पिल्लू न्यायला कबूल झालेल्यांकडे त्या वेळी-अवेळी जाऊन धडकू लागल्या. मांजर दिसलं, की चहाही न घेता परत.

"अगं, लोक दार उघडेनासे होतील," त्यांचे यजमान श्यामराव म्हणाले.

"नका उघडू म्हणावं!"

नर सापडला टी. टी. नगरात, देशकरांच्या अनिकेतकडे. या हिंदी मुलखात देशकर म्हणजे मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी भेटणारे. आपलीच माणसं! विमलताईंचा जीव भांड्यात पडला. त्या बघायला गेल्या. नर बदामी रंगाचा, देखणा, हातावर गुमान बसणारा. पोहे खाता खाता, डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून, त्यांनी विचारलं, "याचे आईबाप कोण रे?"

"वो तो पता नहीं, काकू. पण दुकानात याची सगळी भावंडं एकाच डब्यात होती. त्यातलीच एक ऋतुजाताईनं नेली ना! मीच तर तिला घेऊन गेलो होतो."

विमलताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सख्खी भावंडं! अशांची पिल्लं अधू निघतात, रोगट निघतात.

अनिकेत हसला. "जानवर में ये सब कौन देखता है, काकू?"

"मी बघते," त्या म्हणाल्या आणि उठल्याच.

रिक्षात त्यांना रडूच फुटलं. घराण्याची माहिती असलेला दुसरा नर शोधेपर्यंत जिलबीचं वय निघून जाणार होतं. आता पिल्लं नाहीत. घरी येऊन त्यांनी ऋतुजाला सगळं सांगितलं, जरा फणकाऱ्यानं, जरा तोऱ्यात.

"बरं केलंस," ऋतुजा म्हणाली. मग जिलबीला दाणे घालता घालता, मान वर न करता तिनं विचारलं, "आई, माझ्या वेळी तू अशी चौकशी का नाही गं केलीस?"

"आपलीच माणसं होती ती," विमलताई बोलून गेल्या, आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.