आभाळातलं बसलेलं कुणीतरी

ये गं, पुण्यातनंच का होईना, पण फोन कानाला नीट लावून ऐक. आधी ते मधेमधे मेसेज बघणं बंद कर. ताईला 'भुतं मोजणारी' म्हणतीस व्हय? थोरली बहीण हाय ती तुझी. तिच्या शेजारी बसून मी काय पाहिलं ते ऐक, मग चिडव.

उन्हाळ्यातली दुपार. गारखेड्याच्या आपल्या घरात पडदे ओढून ती कॉम्प्युटरवर आभाळाचा नकाशा बघत होती. सगळं काळंनिळं, आन् मधी एक पिवळट ढीग. गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं तसा.

"हितं काय हाय गं?"

"दुर्बिणीला काहीच दिसत नाय, आजी. पण मागच्या दीर्घिकांचा, म्हणजे लांबच्या आकाशगंगांचा, उजेड तिथनं येताना जरासा वाकतो. म्हणजे काहीतरी जड हाय तिथं. न दिसणारं. वजन भासतं तिथं नकाशात हा पिवळा रंग."

मी त्या ढिगावर बोट ठेवलं. "बसलंय बघ कुणीतरी."

"तुला सगळीकडं माणसंच दिसतात!"

"मग काय म्हशी दिसू देत?"

हसली, पण जीव त्या ढिगातच अडकलेला. तिच्या पीएचडीचं सगळं त्याच्यावरच होतं. अडचण अशी, की प्रत्येक दीर्घिका मुळातच थोडी लांबट, थोडी तिरपी. उजेड वाकल्यानं येणारा तिरपेपणा त्याहून लई बारीक. पुष्कळ दीर्घिकांची सरासरी काढली की त्यांचं अंगचं वाकडेपण एकमेकांत जिरतं. पण सगळं नाय जिरत. उरलेलंही कधीकधी ढीग होऊन बसतं.

"हे बघ आता," म्हणाली, आन् तिनं कॉम्प्युटरवर एकेक दीर्घिका वाटेल तशी फिरवून टाकली. उजेड वाकल्याची जी काय खूण होती ती पुसली गेली. नवा नकाशा आला. डाव्या कोपऱ्यात तसंच कुणीतरी, गुडघे पोटाशी. पुन्हा फिरवलं. आता खाली, पाठमोरं.

खऱ्यातला कोण आन् पुसलेल्यातला कोण, मला कळंना. तिलाही खात्रीनं सांगता येईना.

"मग अजून दीर्घिका मोज की."

"दिसतात तेवढ्या मोजून झाल्या, आजी. आन् आभाळ एकच हाय. दुसरं कुठनं आणू?"

शेवटी तिनं प्रबंधात लिहिलं, की हा ढीग निव्वळ योगायोगानंही दिसू शकतो. छाती लागते गं असं लिहायला. पण तेव्हापासून दुपारी पडदे ओढून ती तोच पहिला नकाशा बघत राहते. हाक मारली तरी वळत नाय. आन् मलाही वाटत राहतं, तिथं खरंच काही असलं तर? आपण नाय म्हटल्याचं त्याला कळायचंसुद्धा नाय.

जेवायलाही ती माझ्या एकटीच्या हाकेनं उठत नाय. घरात अजून एक बोलतं माणूस पायजे. सुट्टीची वाट बघू नको, लवकर ये गं बाई.