चर्चेचा फलक आणि पाण्याची बाटली

माझी नात समाजकार्याचं शिकते. कॉलेज नांदेडला, पण क्षेत्रकार्यासाठी तिला एका संस्थेमार्फत लातूरच्या एका वस्तीत पाठवलं, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. क्षेत्रकार्य म्हणजे लोकांच्या घरोघर जायचं, अडचणी विचारायच्या आणि संध्याकाळी ते सगळं मोबाईलवर लिहायचं. आमच्या वेळी याला भोचकपणा म्हणत. आता त्याचे मार्क मिळतात.

लिहायची जागा म्हणजे मोबाईलवरचा चर्चेचा फलक. पोरं चहूकडे पांगलेली, कुणी किनवटला, कुणी रेणापूरला, आणि मॅडम नांदेडला. रोज भेट होत नाही, म्हणून प्रत्येकाने आपली अडचण फलकावर टाकायची आणि दुसऱ्या दोघांच्या अडचणीखाली काहीतरी लिहायचं, असा मॅडमचा नियम. परगावी एकट्या पडलेल्या पोरांना एकमेकांचा आधार व्हावा, हा उद्देश.

मी चौथी शिकलेली. चष्मा लावला की वाचता येतं, म्हणून नातीच्या शेजारी बसून मीही फलक वाचायचे. एकीने लिहिलं होतं, आज संस्थेत कुणीच नव्हतं, दिवसभर खुर्चीत बसून परत आले. तिच्याखाली दुसरी लिहिते, "खूप छान अनुभव." एकाला वस्तीत कुत्रं चावलं. त्याच्याखाली, "अभिनंदन, असंच काम करत राहा." ही पोरं न वाचताच लिहितात, हे कळायला पाचवीत जावं लागत नाही.

नातीची अडचण मात्र खरी होती. वस्ती शहराच्या टोकाला. कुणाची ते सांगत नाही. आपल्याकडे वस्तीची जागा सांगितली की लोकांना पुढचं कळतं. आम्ही मात्र जमीनजुमलेवाले, तेही तिथल्या लोकांना आडनावावरून कळलेलं. तिथल्या बायांची एक बैठक घ्यायची आणि शाळा सुटलेल्या मुलींबद्दल बोलायचं, एवढं काम तिला दिलेलं. सुरुवातीला बाया उंबऱ्यात उभ्या राहून बोलल्या. मग ही दिसली की दारं लागायला लागली. महिन्याअखेर बैठक झाली नाही तर क्षेत्रकार्य अपुरं आणि वर्ष वाया, असं संस्थेतल्या साहेबांनी ऐकवलं. पोरगी जेवेना.

मी म्हटलं, "तू बोलताना सारखी मोबाईलकडं बघतीस. बायांना राग येतो."

तिने मोबाईल पिशवीत ठेवून पाहिला. दारं बंदच.

मग तिने फलकावर विचारलं. उत्तरं धडाधड आली. "विश्वासाचं नातं निर्माण कर." "संयम ठेव, ताई." एकाने नुसता अंगठा दाखवला. मॅडमनी लिहिलं, "स्वतःच्या भूमिकेवर चिंतन करा."

"आज्जी, चिंतन तर करून राहिले," नात म्हणाली, "पण दार उघडंना की."

नांदेडहून तिच्या आईचा, म्हणजे माझ्या लेकीचा, रोज सकाळी फोन. "बाटली भरून घेतलीस का? तिथलं काही तोंडाला लावू नको." पोरगी आज्ञाधारक. बाटली घेऊनच निघायची, आणि बाया बोलायला लागल्या की त्यांच्यासमोरच झाकण उघडून दोन घोट घ्यायची.

फलकावर किनवटची एक मुलगी होती. दोन ओळी लिहायची, तिच्याखाली कुणी काही लिहीत नसे. तिने नातीला विचारलं, "तिथं पाणी पितेस का?"

नातीने लिहिलं, "नाही, माझी बाटली असते."

"आमच्या तांड्यावरपण अशा ताया यायच्या. कोण आमचं पाणी पितं ते आम्ही पोरं दारात बसून बघायचो. जी पीत नसे, तिला आई काही सांगत नसे."

त्याच्याखाली कुणीतरी लगेच लिहिलं, "विचार करायला लावणारा प्रश्न." विचार कुणी केल्याचं दिसलं नाही.

नात रडकुंडीला आली. "आज्जी, मी आजारी पडू नये म्हणून नेते गं. माझ्या मनात तसलं काही न्हाई."

"तुझ्या मनात कोण डोकवायला आलंय? बाटली तेवढी दिसती."

"आईच्यापण मनात न्हाई."

"तिचं मला ईचारू नको. तिला मीच वाढवलंय."

दुसऱ्या दिवशी बाटली ओट्यावर राहिली. दुपारी परत येऊन नातीने सगळं सांगितलं. पहिल्याच दारात, ते लागायच्या आत, तिने पाणी मागितलं. त्या बाईने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"बाटली फुटली का काय आज?"

"न्हाई मावशी. आणलीच न्हाई."

बाईने पेला काठोकाठ भरून दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिली. शेजारीण बघायला आली. मग शेजारणीने आपल्या घरी नेऊन पाणी दिलं. मग तिसरीने चहा. पोरीचं पोट टम्म फुगलं, तरी बाया परीक्षा घेतच होत्या. तिने बैठकीचं काढलं तेव्हा पहिली एवढंच म्हणाली, "बघू."

बैठक झाली. निम्म्या बाया ही खरंच पाणी पिते का ते बघायला आल्या होत्या, पण आल्या. पुढं मुलींच्या शाळेवर बोलल्याही. नातीने फलकावर ते लिहिलं. खाली ओळीने, "खूप छान अनुभव." किनवटच्या मुलीने विचारलं, "चहा गोड होता का?"

एका सकाळी लेकीचा फोन माझ्या मोबाईलवर आला तेव्हा नात निघून गेली होती. मीच उचलला.

"माय, बाटली नेली ना तिनं?"

"बाटलीत मी गोडंतेल भरलंय."

"मग पोरगी पाणी कुठं पिती?"

"वस्तीत. लोकांच्या घरी."

लेक आवाज बारीक करून म्हणाली, "कुणाच्या?"

"हां," मी म्हटलं, "आता खरं ईचारलंस बघ."