गोळीआधी नाव

सुप्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी अकरा वर्षं काम केलं. आता गुडघे बोलायला लागले म्हणून घरी असते, पण सकाळचे आठ वाजले की हात आपोआप गोळ्यांचा ट्रे शोधतात. त्या वेळेला व्हरांड्यात कोवळं ऊन यायचं आणि आमच्या आज्या खुर्च्यांवरून भांडायच्या. काय दिवस होते ते! खरं सांगते, सासरीसुद्धा माझा तेवढा जीव रमला नाही.

गोळी द्यायचा आमच्याकडे नियम होता. डबी हातात घ्यायची, समोरच्याला पूर्ण नाव विचारायचं, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, डबीवरच्या नावाशी ताडून बघायचं आणि मगच गोळी द्यायची. नियम चांगला होता. पण तो करणाऱ्यांना आमच्या बायका कुठं ठाऊक!

दोन आज्यांचं नाव एकच होतं आणि आडनावही एकच. आमच्या जिल्ह्यात त्याचं नवल नाही. एक बेलापूरकडची, बागायतदारीण, तोंडानं फटकळ. तिला शुगर. दुसरी मिरजगावकडची, हाडकुळी, अगदी गरीब गाय. तिला नुसतं बीपी. कागदावर दोघींत फरक तेवढा नवऱ्याच्या नावाचा, आणि मिरजगावच्या आजीनं ते उभ्या जन्मात घेतलेलं नव्हतं. विचारलं की पदर तोंडाला लावायची. "तुला ठावं हाय की गं. मला कशाला इचारती?"

"उखाना घे की मग!" बागायतदारीण चेष्टा करायची. त्यावर ही मुकाट्यानं आपल्या रिकाम्या कपाळाकडं बोट दाखवायची.

मला तिचं पटायचं, कारण मीही त्यातलीच. नवऱ्याला मी अजून "अहो, ऐकलं का" असंच हाकारते. म्हणून तिला नाव विचारायचंच मी सोडून दिलं. आपणच नाव-आडनाव म्हणायचं, आजी "व्हय" म्हणायची, की गोळी तळहातावर.

थंडीतल्या एका सकाळी उन्हासाठी दोघींनी खुर्च्या बदलल्या. दोघी डोक्यावरून शाल ओढून बसलेल्या. माझं तोंड मागं, कारण चहा पुन्हा गार आला म्हणून मी स्वयंपाकिणीवर डाफरत होते. तशातच डबी उघडली, नाव-आडनाव म्हटलं, "व्हय" ऐकलं आणि गोळी दिली. पुढच्या खुर्चीपाशी गेले तर बागायतदारीण म्हणाली, "ही माझी न्हाई. माझी शुगरची तर तू आत्ता तिला दिली."

ट्रे तिथंच टाकून मी आत धावले. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, साखरपाणी पाजा आणि लगेच घेऊन या. नगरला जाताना गाडीत आजी घामानं भिजली, जीभ जड झाली, मला ओळखेना. मी तिचा हात धरून नुसती रडत होते. तिसऱ्या दिवशी ती चालत परत आली, हे माझं नशीब.

चूक मी स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहिली. मॅनेजरबाईंनी मला काढलं नाही, पण बजावलं, "ज्यानं त्यानं आपलं पूर्ण नाव स्वतः सांगायचं. न सांगता गोळी दिलीत, तर घरी बसायचं."

आणि आजी सांगेना! दोन सकाळी तिनं तोंड उघडलं नाही. बीपी वाढत चाललेलं. तिसऱ्या सकाळी माझा तोलच सुटला. एरवी तिला अहोजाहो करणारी मी अरेतुरेवर आले. "आजे, माझ्या हातनं मेली असतीस की गं तू! ते वर बसून काय म्हनत असतील? नाव घेतल्यानं त्यांना काय हुनार हाय आता?"

तिनं डोळे घट्ट मिटले, पदर तोंडाला लावला आणि भरभर स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव सांगून टाकलं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, ते तिचंच राहू दे. मग बागायतदारणीनं टाळ्या पिटल्या, "अगं बया! घेतलं की गं!" आजी लाजून हसायला लागली आणि हसता हसता रडली. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच," ती म्हणाली.

मग काय विचारता! रोज सकाळी माझीच वाट बघायची. नाव घेऊन थांबायची नाही, पुढं त्यांचं काहीतरी सांगायची. बाजारातून येताना शेव आणायचे, पोहायला भ्यायचे, तिच्या हातची मेथी त्यांना लई आवडायची. ट्रेमधल्या बाकीच्या गोळ्यांना उशीर व्हायचा आणि मी बोलणी खायचे. आज वाटतं, आणखी उशीर करायला हवा होता.

पुढच्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. तरी मी रोज आठला तिच्याकडं जायचे. शेवटच्या सकाळी तिला गिळताही येत नव्हतं. मी कानाशी वाकून म्हणाले, "आजी, पूर्ण नाव सांगा."

ती बराच वेळ आठवत राहिली. स्वतःचं नाव काही तिला सापडलं नाही. नवऱ्याचं तेवढं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तोंडाला पदर न लावता.