बत्तीस मिलिमीटर

काचवाल्याच्या दुकानात नुसता आकडा चालत नसे. गिऱ्हाईक "नव्वद" म्हणालं की तो काच कापायची हिरकणी खाली ठेवून खेकसायचा, "नव्वद काय? सेंटीमीटर की मिलिमीटर? एकात खिडकी होते, दुसऱ्यात साबणाची वडी." घरीही हीच कटकट. पण तीस वर्षांत त्याची एक काच चुकली नव्हती.

आज तो बायकोचा रिपोर्ट घेऊन आला. मागच्या वेळी गाठ आठ मिलिमीटर होती, आता बत्तीस. डॉक्टरांनी औषधं बंद करायला सांगितली होती. आता उपयोग नाही म्हणाले.

बायको उशीला टेकून वाटच बघत होती. "अहो, मागं आठ होती ना? आता किती?"

त्यानं रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. बत्तीस मिलिमीटर म्हणजे तीन पूर्णांक दोन दशांश सेंटीमीटर. हा हिशोब त्याला झोपेतही यायचा.

"तीन," तो म्हणाला. "तीनच्या जराशी वर."

"म्हणजे उतरली की," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिनं आपणहून जेवायला मागितलं.

तो ताट वाढायला वळला. तीस वर्षं त्याची कटकट ऐकलेली बाई, पण 'तीन काय' हे तिनं विचारलं नाही.