जिजाबाईची साक्ष

नागपूरच्या टिमकी मोहल्ल्यात एके काळी पहाटेपासून माग वाजायचे. त्या आवाजात वाढलेल्याला शांतता आजारासारखी वाटते. जिजाबाई तिथलीच, कोष्ट्याची लेक आणि कोष्ट्याची सून. नवरा नत्थूजी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, ती शेजारी सुताच्या कांड्या भरायची. त्याच्या पायांच्या ठेक्यावर तिचा दिवस पुढे सरकायचा.

बहात्तर सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. माग थांबला, म्हणून मोकळा झालेला नत्थूजी झेंडूची फुलं आणायला सीताबर्डीकडे निघाला.

त्याच सकाळी एका सेठच्या आवारात ट्रकचीही पूजा झाली होती. ट्रकचा ब्रेक धड लागत नव्हता. ड्रायव्हर रुपरावनं तो मिस्त्रीला दाखवला, पण मिस्त्रीचे पाने-हातोडे पूजेत मांडलेले होते. दसरा झाल्यावर पाहू, तोवर गाडी काढू नका, असं तो म्हणाला. त्यात त्याचं चुकलं, असं जिजाबाईनं पुढे कधी म्हटलं नाही. तिच्या घरचा मागही त्या दिवशी असाच बसून होता. हत्यार बसलं तर गाडीनंही बसायचं, इतकी साधी गोष्ट होती. सेठला मात्र माल पोचवायचा होता; त्यानं रुपरावला गाडी काढायला लावली. माळा घातलेला तो ट्रक रेल्वेपुलाच्या उतारावर सुटला, आणि नत्थूजीचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

भरपाईचा दावा लागला. ब्रेक अचानक गेला, नशिबापुढे मालक काय करणार, असं सेठचं म्हणणं. जिजाबाईला तिच्या वकिलानं समजावलं की ब्रेक आधीच बिघडला होता आणि ते सेठला ठाऊक होतं, एवढं कुणी कोर्टात सांगितलं तर जबाबदारी मालकाची ठरते. मिस्त्री काम सोडून कुठं गेला, पत्ता नव्हता. उरला रुपराव. तो अजून सेठचंच मीठ खात होता. त्याच्यावर पोलीस केसही होती, आणि गप्प राहिलास तर तुझाही वकील मी देतो, असा सेठचा शब्द होता.

तशात पुढचा दसरा आला. संध्याकाळी सोनं द्यायला लोक घरोघर निघाले. जिजाबाईनं आपट्याची पानं पदरात घेतली आणि रुपरावच्या वस्तीची वाट धरली. दारातून तिची जाऊ म्हणाली, "नवऱ्याचा पाय घेतला, त्याले सोनं द्याले चालली. आता ओवाळूनच ये."

"दसऱ्याले दारं निवडत नाई वं," जिजाबाई म्हणाली.

तिला पाहून रुपराव खाटेवरून उठला आणि उभाच राहिला. त्याच्या बायकोनं, प्रेमलतानं, घाईनं पाट मांडला. जिजाबाईनं दोघांच्या हातावर पानं ठेवली, लेकरांची चौकशी केली, पाणी प्यायली. केसचा शब्द काढला नाही. शेवटी त्यालाच ते सोसेना.

"काकू, मले शिव्या तरी द्या."

"शिव्या द्याले नाई आली गा. सोनं द्याले आली."

महिन्याभरानं रुपराव साक्षीला उभा राहिला. ब्रेक खराब होता हे मी सेठला सकाळीच सांगितलं होतं, असं त्यानं सेठच्या तोंडावर सांगितलं. सेठच्या वकिलानं विचारलं, मग ट्रक तू काढलासच कशाला?

"सेठ म्हणाले काढ, मी काढला. नाई म्हणायले पायजे होतं, ते म्हटलं नाई. माह्या चुकीचं जे होईन ते लिहा. पण सेठले ठाऊक होतं."

गाडी धड ठेवणं हे मालकाचं काम आहे, आणि माहीत असलेला बिघाड नशिबावर ढकलता येत नाही, असा निकाल लागला. जिजाबाईला त्यातलं अर्धंच कळलं. पण नत्थूजीच्या पायाला आता कुणी नशीब म्हणणार नव्हतं, आणि हे आपल्याला कुणामुळं मिळालं ते तिला पक्कं कळलं.

रुपरावची नोकरी गेली. त्याला दंडही झाला. मालकाविरुद्ध बोललेला ड्रायव्हर म्हणून दुसरा कुणी त्याला दारात उभं करीना. त्याच सुमारास विणकरांच्या सोसायटीनं सूत आणायला एक मेटॅडोर घेतली. रुपरावचं नाव निघालं तसे लोक उसळले, की आपल्याच माणसाला लंगडं करणाऱ्याला आपलीच गाडी कशी द्यायची. सोसायटीच्या सभेत बाया जात नसत. जिजाबाई गेली.

"पाय माह्या घरचा गेला," ती अध्यक्ष गोपाळरावांना म्हणाली, "अन् मीच सांगून राहिली, गाडी याच्या हाती द्या. हा खराब गाडी रस्त्यावर काढणार नाई."

"आणि गाडी बिघडली तर?"

"तर तुमच्या तोंडावर येऊन सांगन. त्याले सांगता येते, हे साऱ्या नागपुरानं पायलं हाय."

गोपाळराव मिशीत हसले. गाडी रुपरावच्या हाती आली.

पहिली खेप उमरेडची होती. निघण्याआधी रुपरावनं गल्लीत गाडी चार वेळा पुढे-मागे करून ब्रेक दाबून पाहिला. ओट्यावर बसलेला नत्थूजी ते बघत होता. अपघातानंतर तो कुठल्याच गाडीत बसला नव्हता. तो उठून गाडीपाशी आला, कुबड्या जिजाबाईच्या हाती दिल्या, गाडीचं दार धरून वर चढला आणि रुपरावच्या शेजारी बसला.

"चाल गा," तो म्हणाला.