अख्खा वाफा दादाचा

आमच्या वहिनीला भांडणात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिचं शिवणाचं दुकान आहे आणि जीभ कात्रीइतकीच चालते. गिऱ्हाईक "कमरेत जरा सैल ठेवा" म्हणालं, की "तुम्हीच जरा कमी जेवा" म्हणून मोकळी होते. तरी तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी पुन्हा तिच्याच दारात.

तिचं वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण मात्र माझ्या दादाशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, रोपवाटिकेत व्हायचं. घरामागे एकच वाफा, आणि त्यात कोणता टोमॅटो लावायचा यावर त्या दोघांचं कधी म्हणजे कधी जुळलं नाही. तिला हवे लांबोडे. घट्ट गराचे, बिया कमी, पाणी त्याहून कमी. शिजवून चाळणीवर घासले की सॉस बघता बघता दाट होतो. दादाला हवे लठ्ठोबा. एकेक ओंजळभर, साल पातळ, चावला की रस थेट कोपरापर्यंत. ही नावं आमची घरगुती, पण ऐकून ऐकून रोपवाल्यालाही पाठ झाली होती. दादा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कामावरून आला की घरात शिरायच्या आधी वाफ्यात, आणि शर्टाच्या खिशात मिठाची पुडी तयार.

"शिजवून शिजवून टोमॅटोचा जीव घेते ही," तो म्हणायचा.

"आणि बाटल्या कोण चाटूनपुसून संपवतं?" ही विचारायची.

शेवटी वाफ्याच्या मधोमध सुतळी ताणली जायची. अर्धा तिचा, अर्धा त्याचा. त्यातही सुतळी वीतभर कुणाच्या बाजूला सरकली यावरून आणखी दोन दिवस धुसफूस.

एका वर्षी दादाच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, हा हंगाम निघेल असं धरून चालू नका. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. मग डोळे पुसले, आत गेली आणि दादाला म्हणाली, "सूज आहे म्हणे. औषधाने उतरेल." मला घरी आल्यावर बजावलं, "भाऊजी, ह्यांना कळता कामा नये. कळलं तर त्याच दिवशी हाय खातील."

रोपं आणायला आम्ही तिघं गेलो. दादाला चालवेना, म्हणून तो फाटकापाशी खुर्चीवर बसला. रोपवाला म्हणाला, "लठ्ठोबा यंदा उशिरा धरेल. लवकर हवा असेल तर गोट्या न्या." गोट्या म्हणजे ते घोसाने येणारे इवलेसे टोमॅटो. सगळ्यांच्या आधी पिकतात.

"गोट्याच घेऊ, वहिनी," मी म्हटलं. "दादाला आपल्या वाफ्यातला एखादा तरी खायला मिळेल."

ती माझ्यावर उसळली, पण आवाज दाबून. "जन्मभर गोट्यांना नाकं मुरडली ह्यांनी. आज गोट्या नेल्या आणि 'का गं?' म्हणून विचारलं, तर काय सांगू?" मग रोपवाल्याकडे वळली. "सगळे लठ्ठोबाच द्या. लांबोडे नकोत."

फाटकापाशी दादाने रोपं निरखली. "तुझी कुठायत?"

"यंदा अख्खा वाफा तुमचा. मला सॉस करायचा कंटाळा आलाय."

दादा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. "बरं," म्हणाला.

रोपं जोमाने वाढली, फळंही धरली, पण हिरवीगार आणि दगडासारखी टणक. तोवर दादाने अंथरूण धरलं होतं. त्याच्या खोलीतून वाफा दिसायचा नाही. रोज संध्याकाळी विचारायचा, "रंग आला का गं?" ती म्हणायची, "बुडाशी आलाय थोडा." कुठला आलाय! ती दुकान अर्ध्यावर टाकून घरी यायची, एकेक फळ चाचपायची आणि त्यांना शिव्या घालायची. मला तिचा राग यायचा, त्या टोमॅटोंचा यायचा, सगळ्या जगाचाच यायचा.

शेवटी एका दुपारी तिने बाजारातून मोठा लालबुंद टोमॅटो आणला. फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं आणि दादापुढे बशी धरली. "घ्या. पहिला तोडला."

दादाने एक फोड खाल्ली. मग कष्टाने दुसरी. "झकास," म्हणाला. "आपल्या वाफ्याची सर कशाला नाही." कितीतरी दिवसांनी वहिनीचा चेहरा उजळला. बशी घेऊन ती आत गेली.

दादाने मला खुणेने जवळ बोलावलं. "बाजारचा आहे रे. साल बघितलीस का, चामडं नुसतं."

मी दाराकडे बघितलं, वहिनी आतच होती.

"अख्खा वाफा दिला ना तिने मला, तेव्हाच कळलं. मी बरा होणार असतो, तर ही बाई वीतभर तरी जागा सोडणारी आहे का?" तो हसला. हसताना त्याला दुखत होतं. "तिला बोलू नकोस. आपल्याला जमलं असं वाटू दे तिला." मग डोळे मिटून म्हणाला, "गोट्या आणल्या असत्या तरी चाललं असतं."

त्याच आठवड्यात दादा गेला.

त्यानंतर लठ्ठोबा पिकले. वाफा लाल झाला. वहिनीने त्यातला एकही तोंडात घातला नाही. एका रविवारी गेलो, तर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर आणि ही समोर उभी, सकाळपासून. लठ्ठोबांचा सॉस होत नाही हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक? नुसतं लाल पाणी उकळत होतं.

"आटतच नाही हो, भाऊजी," ती म्हणाली आणि रडायला लागली. दादा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी उगाच आच बारीक केली.

बऱ्याच वेळाने तिने मनगटाने तोंड पुसलं. "एक विचारते. अगदी खरं सांगा. ह्यांना शेवटपर्यंत काही कळलं नव्हतं ना?"

"नाही, वहिनी. काहीच नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पातेलं ढवळायला लागली.