मंद झालेली बस

वडिलांना ऐकू येत नसे, याचे आमच्या घरात कुणाला नवल नव्हते. पुणे स्टेशनजवळच्या कापड गिरणीत, मागखात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचे कान तसेच व्हायचे. मागांच्या खडखडाटात कामगार आवाज न काढता बोलत आणि एकमेकांच्या ओठांकडे पाहून ऐकत. वडील घरीही आमच्या डोळ्यांत पाहत नसत, ओठांकडे पाहत. त्यांच्या सदऱ्याला तेलाचा आणि कांजीचा आंबूस वास असे. गिरणी बंद पडल्यावरही तो कपाटात कितीतरी दिवस रेंगाळला.

मला हिंजवडीला संगणकाची नोकरी लागली आणि आम्ही चाळ सोडून कोथरूडच्या सोसायटीत आलो. कंपनीची थंडगार काचबंद बस मला कोपऱ्यावरून उचलून नेई. वडिलांची बस वेगळी होती. दर रविवारी कोथरूडहून थेट स्टेशनला जाणाऱ्या बसने ते चाळीत जात. शेजारच्या मागावरचा त्यांचा जोडीदार, आमचे काका, अजून तिथेच राहत होता. दोघे ओट्यावर बसून तासन्‌तास निःशब्द बोलत, मध्येच खदखदून हसत. उरलेला आठवडा वडील जवळजवळ मुके असत.

मग रविवारमागून रविवार ते जेवून बाहेर पडू लागले आणि दिवेलागणीला धुळीने माखून, कुणालाही न भेटता परत येऊ लागले.

"बस आली नाही," ते म्हणत. "हल्ली मंद झालीय. चौकीच्या खिडकीतल्या माणसानंच सांगितलं."

रस्ते उड्डाणपुलासाठी उकरलेले होते, सगळीच वाहने रखडत होती. मला ते पटले. तरी शेवटी मी स्वतः बसथांब्यावरच्या चौकीत गेले.

"मंद?" खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले. "बंद म्हणालो मी. बंद. त्या मार्गावर आता गाडी नाही. आजोबांना दर रविवारी सांगतो. ते मान हलवतात आणि बाकावर जाऊन बसतात. आम्ही आणखी काय करायचं, आरती ओवाळायची?"

ब म्हणताना ओठ मिटतात, म म्हणतानाही तसेच मिटतात. वडिलांनी दोन शब्दांतला आशेचा तेवढा उचलला होता.

पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन निघाले. स्वारगेटला बस बदलली. तिथल्या धुरात, भोपूंच्या कल्लोळात ते मात्र शांत उभे होते. स्टेशनकडची ती वाट रेल्वेने घडवली होती. मालगाडीच्या वाघिणींतून कापसाच्या गाठी उतरत, कापडाचे तागे चढत, आणि त्या ये-जा करणाऱ्या ओझ्यांभोवती आमच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या. आता गिरणीभोवती निळे पत्रे होते. पत्र्यांवर काचेच्या इमारतीचे चित्र होते, आणि त्या चित्रात एकही थांबा नव्हता.

काका दारातच होते. त्यांनी तोंड उघडले, आणि वडिलांचा चेहरा गोंधळून गेला. काकांचे सगळे दात काढले होते. ओठ आत वळले होते, शब्दांचे आकार विरघळले होते.

"डॉक्टरनं दात काढले, तवापासनं मला दात काढायची सोय राहिली नाय," काका मला म्हणाले आणि हसले. वडिलांना ते हसणेही वाचता आले नाही.

"काय म्हणतोय?" वडिलांनी ओरडून विचारले.

मी दोघांच्या मध्ये बसले. काका बोलत, मी ते शब्द ओठांवर मांडत राहिले. दातांचा विनोद माझ्या ओठांवर फिका पडला. वडील उशिरा, थोडेसेच हसले. पाण्याची, औषधांची, चाळ रिकामी होत चालल्याची गोष्ट झाली. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"खोली सोडतोय बाई. पोराकडं चाललो, सोलापूरला. कायमचा."

मी वडिलांकडे वळले. शेवटचा शब्द गाळता आला असता.

"सांग त्याला," काका म्हणाले. "नीट सांग."

मी सांगितले, एकेक अक्षर सुटे करून. कपातला चहा निवला होता, त्यावर साय धरली होती.

"परत सांग," वडील म्हणाले.

मी परत सांगितले. या वेळी त्यांचे माझ्या ओठांकडे लक्ष नव्हते. ते काकांच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत होते.